कोकणची राइड: तासाला तीस किलोमीटरचं गणित

डिसेंबर आला की प्रत्येक कॉलेजात एक नवा व्हॉट्सॲप ग्रुप जन्माला येतो. पहिल्या दिवशी त्यात वीस-बावीस जण असतात. बजेटचा आकडा पडला की दहा-बारा उरतात आणि 'घरी विचारून सांगतो' असं म्हणायची वेळ आली की पाच. ते पाचच खरे. मग कोणाची बाइक, कोणाचं हेल्मेट, टाकीमागे बांधायला बंजी कोणाकडे, यावर रात्रभर खल होतो. ठिकाण बहुतेक ठरलेलंच असतं. अलिबागहून निघायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि जमेल तितकं खाली जायचं.

यंदा या बेतांना आणखी एक कारण मिळालंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. शोरूममधला आकडा उतरला, त्यामुळे तुमच्या वर्गात नवी बाइक घेतलेला एखादा तरी असेलच. आणि नव्या बाइकला पहिली लाँग राइड हवीच असते!

जा, जरूर जा. थंडीतला कोकण किनारा बाइकवरून पाहण्यासारखं सुख नाही. पण निघण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या. हा रस्ता आज ज्या रूपात आहे, त्या रूपात तो फार वर्षं राहणार नाही. आणि आज आहे त्या रूपात तो तुमच्याकडून एकच गोष्ट मागतो: वेग कमी करा.

रस्ता नेमका कोणता?

मुंबईहून गोव्याला जायचं म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो राष्ट्रीय महामार्ग ६६. त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि तुमचं अख्खं शालेय शिक्षण संपलं तरी 'काम चालू, रस्ता बंद'चे फलक काही पूर्ण हटले नाहीत. आपण बोलतोय तो रस्ता याच्या पश्चिमेला, अगदी समुद्राला लागून जातो. रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत साधारण पाचशे किलोमीटर. कागदोपत्री सागरी महामार्ग, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी दोन एसटी समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावी लागेल एवढाच.

अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशिद, मुरूड करत आगरदांड्याला पोचलात की रस्ता संपतो. पुढे खाडी. बाइक फेरीबोटीत चढवायची, स्थानिक लोक जिला 'जंगलजेटी' म्हणतात, आणि पलीकडे दिघीला उतरायचं. मग दिवेआगर, शेखाडीचा समुद्राला खेटून जाणारा तुकडा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला पुन्हा फेरीबोट, पलीकडे वेसवी. केळशी, आंजर्ले, हर्णे करत दाभोळ. तिथून धोपाव्याला तिसरी फेरी. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, आणि तवसाळहून जयगडला चौथी. त्यानंतर मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेचं ते प्रसिद्ध वळण आणि रत्नागिरी. अजून दम असेल तर विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आहेतच.

या यादीकडे नीट पाहा. इथे प्रत्येक टप्प्याला खाडी आडवी येते. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या समुद्राला मिळताना रुंद होतात आणि किनाऱ्याचे तुकडे पाडतात. म्हणून हा रस्ता नकाशावर सरळ दिसला तरी सलग कधीच नव्हता. म्हणूनच तो शांत राहिला. मालाचे मोठे ट्रक, रात्रीच्या लक्झरी, घाईतल्या गाड्या सगळ्या महामार्गाने गेल्या. आपल्या वाट्याला उरली ती आमराई, मोहोराचा वास आणि धक्क्यावर बोटीची वाट बघत खाल्लेला वडापाव.

पूल येतायत, बरं झालं!

हे चित्र आता बदलतंय. सागरी मार्ग सलग करायचा विचार जुना आहे. बॅरिस्टर ए. आर. अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते, तेव्हापासून रेवस-रेडी हे नाव ऐकू येतं. मधल्या चाळीसेक वर्षांत सरकारं आली, गेली. बाणकोटच्या खाडीवर तर पुलाचे खांब अर्धवट अवस्थेत वर्षानुवर्षं उभे राहिले. आता मात्र महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हा प्रकल्प हातात घेतलाय आणि मोठ्या खाड्यांवर पूल बांधून रस्ता सलग करायचं ठरलंय.

आपल्यातले बरेच जण हे ऐकून हळहळतात. 'यार, ती बोटीची मजा जाणार!' खरंय, जाणार. पण जरा धोपाव्यात राहणाऱ्या तुमच्या वयाच्या मुलाच्या जागी उभे राहा. तुम्ही ती बोट वर्षातून एकदा पकडता, तो रोज. तुम्हाला अर्धा तास थांबणं 'व्हाइब' वाटते, त्याचं पहिलं लेक्चर बुडतं. घरात कोणाला रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं किंवा बाळंतपणाची वेळ आली, तर बोट नसते. मग चिपळूणमार्गे मोठा वळसा घालून जावं लागतं. तुमच्या-माझ्या रीलसाठी त्या गावाने बिनपुलाचं राहावं, ही अपेक्षा धरणं बरं नाही. पूल व्हायलाच हवेत.

प्रश्न पूल झाल्यावरचा आहे. खाडी आडवी असल्यामुळे जो वेग आपोआप आटोक्यात राहायचा, तो पूल झाल्यावर कोण आटोक्यात ठेवणार? रस्ता रुंद झाला की गाव मधोमध कापलं जाणार की बाहेरून वळण निघणार? शाळेसमोर पादचारी कुठून रस्ता ओलांडणार? आणि एक प्रश्न खास आपला: दुचाकीचं काय?

हा प्रश्न उगाच नाही. गेल्या पाव शतकात आपल्याकडे जे मोठे, झकपक रस्ते झाले, त्यांची यादी करा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, मुंबईचा कोस्टल रोड, जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेला अटल सेतू. या चारही ठिकाणी मोटरसायकलला बंदी आहे. अलिबागला जायला अटल सेतू सर्वांत सोयीचा, पण बाइकवाल्याने एकतर पनवेल-पेणचा जुना रस्ता धरायचा किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट पकडायची. सुरक्षेचं कारण त्यामागे आहे आणि ते खोटं नाही. जिथे गाड्या ताशी शंभरने धावतात, तिथे दोन चाकांवरचा माणूस सर्वांत आधी मरतो. पण महाराष्ट्रात सर्वाधिक घरांत जे वाहन परवडतं, त्याला मोठ्या रस्त्यांवर जागाच नाही, हेही तितकंच खरं. म्हणून सागरी रस्त्यासारखे मधले, संथ रस्ते आपल्यासाठी मोलाचे आहेत. ते आपले राहावेत असं वाटत असेल, तर त्यावर आपण वागतो कसे, हे आधी बघायला हवं.

मरणारे कोण आहेत?

आता थोडं कडू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मी, दुचाकीवर होती. एकूण बळींपैकी ६६.५ टक्के १८ ते ४५ या वयातले. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले आणि त्यात मागे बसलेले १४,३३७ होते. महाराष्ट्रात त्या एका वर्षात १५,२२४ मृत्यू झाले. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूनंतर आपला नंबर तिसरा.

कारण कोणतं? दहापैकी सात मृत्यूंच्या पुढे 'अतिवेग' असं लिहिलेलं आहे. अतिवेग म्हटलं की आपल्याला वाटतं, १२० वगैरे. कोकणात अतिवेगाचा आकडा फार लहान आहे. ताशी ६० ने जाणारी बाइक एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर काय आहे हे कळून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद सहज जातो. आता आंजर्ल्याकडचं एखादं वळण आठवा. दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा, पुढचं दहा-पंधरा मीटरच दिसतंय आणि वळणापलीकडे म्हैस रवंथ करत उभी. ६० तिथे जीवघेणा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतला जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ४० आणि ८० यांत एवढा फरक आहे.

त्यात थंडीचे म्हणून काही खास धोके आहेत. पावसाळ्यात आपण जपून चालवतो, कारण भीती समोर दिसते. थंडीत आकाश निळं, रस्ता कोरडा, म्हणून हात सैल सुटतो. पण याच दिवसांत चिऱ्याच्या खाणी जोरात असतात आणि ट्रकमधून सांडलेली लाल बारीक खडी नेमकी वळणावर पसरलेली असते. त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबलात तर चाक सरळ निसटतं. पहाटे खाडीकाठच्या सखल भागात धुकं असतं. घाट उतरताना ताम्हिणीत किंवा आंबोलीत बोटं गारठतात आणि गारठलेली बोटं क्लचवर उशिरा पडतात. सूर्य सहा-सव्वासहालाच मावळतो, त्यामुळे 'संध्याकाळी सातपर्यंत पोचू' याचा अर्थ शेवटचा तासभर अंधारात, समोरच्याचा हाय बीम डोळ्यांत घेत, असा होतो.

एक गोष्ट बाइकबद्दलही. १२५ सीसीपेक्षा मोठ्या बाइकना एबीएस असतं. तुमच्या-आमच्यातल्या बहुतेकांकडे असते ती १०० ते १२५ची गाडी, तिला बहुधा सीबीएस असतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. एवढ्यावर चाक लॉक व्हायचं थांबेलच, असं नाही. दादाच्या ३५०च्या मागे तुमची १२५ त्याच वेगाने वळणात घालू नका. ग्रुपमधली सर्वांत लहान गाडी पुढे ठेवा. तिचा वेग तो सगळ्यांचा वेग.

कागद पाहिलेत का?

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणूनच वाचा.

अकरावी-बारावीतल्या मित्रांनो, १६ ते १८ या वयात कायदा फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी चालवू देतो. गिअरची बाइक १८ पूर्ण झाल्याशिवाय नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. 'कोकणात कोण बघतंय' म्हणून बाबांना यात ओढू नका.

मित्राची बाइक घेऊन निघत असाल तर विमा चालू आहे ना, हे त्याच्याकडे मागून पाहा. पॉलिसीत १५ लाखांचं जे वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, ते मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी. तुम्ही मालक नाही. चार दिवसांपुरता स्वतःचा अपघात विमा काढला तर तो फार महाग पडत नाही.

भाड्याने घेणार असाल, विशेषतः गोव्यात, तर नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडीच भाड्याने द्यायला अधिकृत. पांढऱ्या पाटीची खासगी बाइक शंभर-दोनशे रुपये कमी भाड्यात मिळते. पण ती पॉलिसी भाड्याच्या वापरासाठी नसते. उद्या काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि मग वाचवलेल्या दोनशे रुपयांचा हिशोब काही लाखांत होतो. हातात घेताच गाडीच्या चारी बाजूंचा व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे जुन्या ओरखड्यांचे पैसे तुमच्या माथी येणार नाहीत.

हेल्मेट दोघांनाही. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, तरी फुटपाथवर टोपीसारखी प्लास्टिकची हेल्मेटं मिळतातच. ती पोलिसांना दाखवायला, डोकं वाचवायला नाही.

आणि अपघात दिसलाच, तुमचा किंवा दुसऱ्याचा, तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील म्हणून बघे होऊ नका. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९च्या कायद्याने संरक्षण दिलंय. मे २०२५ पासून अपघातातल्या जखमीला दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवस कॅशलेस उपचारांची केंद्राची योजनाही लागू झालीय. अशी योजना आहे, हे रुग्णालयात ठामपणे सांगता यायला हवं, म्हणून लक्षात ठेवा.

कोणाच्या अंगणातून जातोय आपण?

कोकणातल्या रस्त्याला फुटपाथ नाही, कारण रस्ता म्हणजेच गावाचं अंगण. श्रीवर्धनकडे सुपारी वाळत असते, हर्णैकडे मासळी. आजी काठी टेकत पलीकडच्या घरी ताक मागायला चाललेली असते. दुपारी शाळा सुटली की पोरं अख्खा रस्ता अडवून घरी जातात. सिंधुदुर्गात तर थंडी म्हणजे जत्रांचे दिवस. दशावतारी नाटक मध्यरात्री रंगतं आणि माणसं अंधारात चालत येतात-जातात. तुम्ही तिथे ७० ने निघालात, तर नियम मोडण्यापलीकडे आणखी एक गोष्ट करता. दुसऱ्याच्या घरात बूट घालून धावता.

सायलेन्सर बदललेल्या दहा बाइक रात्री अकराला एखाद्या वाडीतून गेल्या, की त्या वाडीला पुढच्या सगळ्या बाइकवाल्यांचा राग येतो. पुढचा ग्रुप तुमच्यापेक्षा शहाणा असला, तरी त्याला घरगुती खानावळीत 'जागा नाही' असंच ऐकावं लागतं.

एक गोष्ट मात्र अजिबात नको: वाळूवर बाइक. रीलमध्ये ती भारी दिसते, मान्य. पण नोव्हेंबर ते मार्च हाच ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम. वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून गावकरी आणि निसर्गप्रेमी मिळून ही घरटी जपतायत. अंडी वाळूखाली हात-दीड हात खोल असतात, वरून काही कळत नाही. तुमच्या चाकाखाली काय दबलं, हे तुम्हाला कधीच समजणार नाही. शिवाय खाऱ्या पाण्याने चेन, बेअरिंग आणि ब्रेक यांची वाट लागते ती वेगळीच.

मग बेत कसा आखायचा?

सरळ गणित सांगतो. या रस्त्यावर चहा, फोटो, फेरीबोट धरून सरासरी ताशी ३० किलोमीटर धरा. दिवसाला चार-साडेचार तास गाडीवर, म्हणजे १२०-१३० किलोमीटर. रेवस ते रत्नागिरी आरामात तीन दिवस, रेडीपर्यंत जायचं तर पाच. सुट्टी तीनच दिवसांची असेल, तर दिवेआगर-हर्णै एवढंच करा आणि ताम्हिणीने किंवा महाडमार्गे परत या. 'रात्रभर चालवू आणि सकाळी गोव्यात पोचू' हा बेत कोणी मांडला, तर त्याला प्रेमाने पण ठाम नाही म्हणा. पहाटे तीन ते पाच डोळा कधी लागतो, ते चालवणाऱ्यालाही कळत नाही.

सकाळी उजाडल्यावर निघा, साडेपाचपर्यंत मुक्कामी पोचा. फेरीबोटीची शेवटची वेळ धक्क्यावर पोचण्याआधी फोन करून विचारा, शेवटची बोट चुकली की अंधारात वळसा अटळ. रोज रात्री एक जण पुढच्या दिवसाचा रस्ता, मुक्कामाचं गाव आणि सर्वांचे नंबर घरच्या कोणालातरी पाठवील, असं ठरवा. लाइव्ह लोकेशनवर विसंबू नका, खाडीत उतरलात की नेटवर्क गायब होतं.

आणि संध्याकाळ रिकामी ठेवा. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यासोबत भाजून पोपटी लावतात. कोणी बोलावलं तर नाही म्हणू नका. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघा. मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, तिथे दहा मिनिटं बसा. धक्क्यावर शेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारा, पूल झाल्यावर तुझं काय बदलेल? त्याचं उत्तर तुम्हाला कुठल्याही रीलमध्ये मिळणार नाही.

पाच-सात वर्षांनी तुम्ही नोकरीला लागलेले असाल, कदाचित चारचाकीतून याच किनाऱ्याने जाल. तेव्हा खाड्यांवर पूल असतील आणि दाभोळ ते धोपावे काही मिनिटांत संपेल. त्या रस्त्यावर बाइकला मोकळी जागा असेल की नाही, गावातल्या म्हातारीला पलीकडे जाता येईल की नाही, हे ठरवताना सरकार आपल्याला विचारेलच असं नाही. पण जनसुनावणी होते, हरकती मागवल्या जातात, ग्रामसभेत ठराव होतात. तिथे बाजू मांडायला गावातला तो मुलगा उभा राहील, तेव्हा त्याच्या मनात बाइकवाल्यांची कोणती आठवण असावी, हे मात्र आपल्या हातात आहे.

तर ग्रुपवर टाका मेसेज. टायरची हवा, चेनला तेल, लायसन्स, दोन हेल्मेटं. आणि घरी विचारताना आईला हेही सांगा, की सरासरी तीसची धरलीय. परवानगी मिळायला तेवढीच मदत होते!